नापास मालडबा

आता तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक? समोरच्या सुहासरावांना छोट्या रेल्वेचं वेड. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे कंटेनर वाहणाऱ्या मालडब्याचं नवं मॉडेल आलं, वीतभर लांब. ठेवायचं की दुकानदाराला परत करायचं, हे तीन दिवस त्यांचं ठरेना. मला बाई राहवेना. माझे चुलत सासरे, आबा, यांनी लोणावळ्याच्या यार्डात जन्मभर मालगाड्या तपासल्या. त्यांनाच घेऊन गेले.

आबांनी चष्मा लावून डबा उलटा केला.

“ब्रेकचं चाक नुसतं रंगवलंय, बसवलंच न्हाई. आन् हे मागचं चाक अडतंय. नापास!”

“मग परतच करतो,” म्हणत सुहासराव खोकं आणायला वळले. तेवढ्यात आबांनी टेबलावरचा मार्कर उचलला आणि डब्यावर ठसठशीत फुली मारली.

“अहो आबा, हे काय केलंत!” मी म्हणाले.

“बिघडलेल्या डब्यावर खूण करायचीच असती. हितं खडू सापडला न्हाई.”

“आता दुकानदार घेईल का हा परत?” सुहासराव ओरडले, तेही माझ्याकडे बघून.

“न्हाई घेतला तर ठेवा की,” आबा शांतपणे म्हणाले. “पर दुरुस्त झाल्याबिगर रुळावर घेऊ नका. मी न्हाई सोडायचो.”