सुई थरथरते, दार उघडत नाही

आम्ही मूळचे देवगडकडचे. वडील गिरणीत होते, आणि मी शिकलो ते अंधेरी पूर्वेला रस्त्यावर बसून किल्ल्या बनवणाऱ्या तात्यांकडे. आठ वर्षं. काय सांगू तुम्हाला, कानशीनं बोटांची सालटी निघायची, पण त्याची तक्रार नाही. तक्रार एकच, ती आजही आहे. एका गिऱ्हाइकाचं कुलूप उघडेना म्हणून मी रागानं जोर लावला, किल्ली आतच मोडली, तेव्हा तात्या चार लोकांसमोर म्हणाले, तुझ्या हातात राग आहे, तू कारागीर नाही व्हायचास. मी म्हटलं, होऊन दाखवतो, आणि तुमच्याच तोंडून वदवून घेतो. त्याच दुपारी उठलो. मरोळला औद्योगिक वसाहतीच्या गेटासमोर टेबल टाकलं. पानवाला हातभर जागा देतो म्हणत होता, मी तीन दिवस भांडून अख्खी भिंत घेतली.

मग रंगीत टीव्ही आले त्या सुमारास मेव्हण्यानं दुबईहून ते यंत्र आणलं. टॉर्चएवढं, आत दोन सेल, पुढे पोलादी सुई. बटण दाबलं की सुई थरथरते, लॅचच्या आत दार अडवून धरणाऱ्या बारीक पिना उडतात, दुसऱ्या हातातल्या वाकड्या पट्टीनं फिरवलं की दार उघडतं. हे मेव्हण्याचं म्हणणं. माझ्याकडे नुसतं गुणगुणायचं. सेल बदलले. खाऱ्या हवेनं सेलच्या टोकांना गंज चढलेला, तो पॉलिश पेपरनं घासला. सुई वाकली होती, ती सरळ केली. मग चार दारं उघडायची, पाचवं नाही, आणि बायको म्हणायची, यंत्राला शिव्या देऊन ते ऐकणार आहे का?

अशात मढहून जाणूबाईंचं बोलावणं आलं. कोळीण बाई, आवाज असा की खाडीपलीकडे वेसाव्याला ऐकू जावा. मुलीचं लग्न, दागिने आणि शालू खोलीत, आणि वाऱ्यानं दार आपटून लॅच लागलेलं. किल्लीही आतच. मी होडीनं पोचलो तोवर वऱ्हाड मांडवात बसलेलं, नवरीचा मामा कुऱ्हाड घेऊन उभा. मी आधी दोघा शेजाऱ्यांना विचारलं, घर यांचंच ना, त्याशिवाय मी सुई काढत नाही, आणि मग त्या गडबडीतही भाव ठरवला, का सोडू?

सुई घातली तर गर्रर्र, पुढे काही नाही. वास घेतला, तर खोबरेल. गंजू नये म्हणून बाई दर सणाला कुलपात तेल ओतायच्या, त्यात वाळू बसून चिखल झालेला. रॉकेलनं धुतलं. पिना हलायला लागल्या, तरी दार नाही. मामा म्हणाला, हो बाजूला. मला वाटलं, आता इथं कुऱ्हाड पडली की तात्यांचं म्हणणं खरं झालं, संध्याकाळपर्यंत अंधेरीभर होईल. मी पट्टी आणखी दाबली, दात खाऊन. तशा जाणूबाई ओरडल्या, मेल्या, दाराशी कुस्ती खेलतस का? शिडाचा दोर असा आवललास तं होरी उलटंल, सैल सोर ना जरा!

सगळे हसले. माझ्या डोक्यात सणक गेली, पण हात मात्र सैल झाला. आणि तेवढ्यात, साहेब, पट्टी लोण्यात फिरावी तशी फिरली. मी पट्टी एवढी ताणत होतो की पिना आवळून बसायच्या, सुईनं उडणार कशा? यंत्रात दोष नव्हताच.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन तात्यांकडे गेलो, त्यांच्याच फळीवरचं जुनं लॅच त्यांच्यासमोर उघडून दाखवलं. त्यांनी चष्म्यातून माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, सेल चांगले आहेत. असा संतापलो, चहा न घेता आलो.

आता धंदा झकास आहे, घर स्वतःचं आहे. अंधेरीहून गिऱ्हाइकं येतात, मी विचारतो, कुणी पाठवलं? म्हणतात, त्या म्हाताऱ्यानं, म्हणाला लॅचचं काम असेल तर मरोळला जा, तिथं माझा माणूस बसतो, फक्त भाव करताना सांभाळा. म्हातारा मला माझा माणूस म्हणतो, पण कारागीर शब्द अजून तोंडातून निघत नाही. तोही घासाघीस करतोय आणि मीही. देव त्याला शंभर वर्षं देवो, मला घाई नाही.