छातीत अडकलेला घास

…आन मंग तुमीच सांगा, मानसानं छातीवर हात धरला की तो मरायलेच निघाला असं समजाचं काय? नाई, सांगा ना! मी हिवरखेडचा खुशालराव, कपाशी बरी, कोनाचं देनं नाई, अन् भूक तं अशी की रोडगे दिसले की हात थांबत नाई. पन त्या साली पेपरात रोज कोन्यातरी शेतकऱ्यानं जीव देल्याची बातमी, अन् त्यातच माहा घास अडकाले लागला! तोंडातून गेला, छातीत थांबला, अन् अशी कळ… अशी कळ, की हातातली भाकर ताटात! म्हनलं, "कौशल्या, मले जेवाचं हाय व, घास खाली उतरत नाई!"

झालं! बायकोचा पदर तोंडाले. "अवो, कशाची चिंता करून राह्यले? बोला ना मनातलं!" मनातलं काय बोलू? मनात वांग्याची भाजी होती!

शेजारचा जैनुद्दीनभाई आला. "खुशालभाऊ, फवारनी की दवा मैं मेरे घर रखता. कुछ नहीं, ऐसेच." ऐसेच! पोरगा किशोर, त्यानं गोठ्यातले दोर लपवले, म्हने जुने झाले होते. बैल मोकळे! बैलायनं रातोरात जैनुद्दीनभाईचीच तूर साफ केली! मी वरडून राह्यलो, "अरे लेकहो, मले जेवाचं हाय, घास खाली उतरत नाई!" तं सगळे माह्या पाठीवरून हात फिरवते!

अकोल्याले नेलं. डॉक्टरनं छातीची ईसीजीची पट्टी काढली. "हार्ट एकदम मस्त. काही टेन्शन?" म्हनलं नाई. अन् माह्या मांगं कौशल्या मुंडी हलवून राह्यली… टेन्शन हाय, हाय! दिली त्यानं टेन्शनची गोळी. मी दिवसभर झोपलो, तं गाव म्हने, "पाहा, कसा गुमसुम झाला!"

शेवटी अमरावतीचा पोटाचा डॉक्टर. त्याले म्हनलं, साहेब, मले जेवाचं हाय, घास खाली उतरत नाई. तो म्हने, "मग नळीच पाहू." तुमाले सांगतो, पहिल्यांदा कोनी ऐकलं हो! चुन्यासारखं पांढरं पाजून फोटो काढले, मंग नाकातून बारीक नळी घातली, अन् म्हने घोट घोट पानी गिळा. नाकात नळी, डोळ्याले धार, अन् दारातून कौशल्या, "रडा, रडून मोकळे व्हा!"

डॉक्टर म्हने, "तुमची अन्ननळी घास खाली ढकलायचं सोडून जागच्या जागी आवळते. तिला पेटके येतात. जेवणाआधी ही गोळी, लहान घास, थंड पाणी बंद." वाटलं, त्याचे पायच धरावे!

अन् गोळी लागू पडली! भाकर, ठेचा, पिठलं… उतरला! सरळ उतरला! मले हसूच आवरेना. आनखीन भाकर मांगतली. अन् आनंदात बोलून गेलो, "कौशल्या, इतक्या वर्षांत कधी म्हनलो नाई, पन तुया हाताले चव हाय व!"

कौशल्याचा वाढाचा पळा हवेतच. किशोर मायकडे पाहे, माय किशोरकडे. किशोरनं जाऊन सांगतलं, तं जैनुद्दीनभाई बिनचपलेचा पयत आला. "भाभी, आज खुश थे? ज्यादा खुश?" अन् हळूच म्हने, "आदमी मन में सब तय कर लेता ना, तो ऐसाच मीठा बोलता!" बायको धाय मोकलून रडाले लागली!

आता काय करू? घास मस्त उतरते. पन मी अर्धी भाकर ताटात ठेवतो, कपाळाले आठ्या घालतो, अन् म्हनतो, "मीठ जास्त झालं." तवा कुठं घरचे सुखानं दोन घास खातात… अन् मी? मी उपाशीच उठतो!