विचारणारं यंत्र आणि मालनबाईची खळ

मंडळी, एक सांगा. गुरू कुणाला म्हणायचं? उत्तर देतो त्याला, की प्रश्न विचारतो त्याला? पुढचे काका, तुम्ही सांगा. नाही? बरं, मग आख्यानच ऐका.

वाघोशी नावाचं गाव. तिथं घोंगड्या विणणारं ढोबळ्यांचं घर. आई मालनबाई — तीस वर्षं मागावर बसलेली, अक्षराची ओळख नाही. लेक ऋतुजा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बाप बोलायला कमी, पण बोलला की पक्कं. म्हणाला, "नापास झालीस तर कॉलेज बंद. माग हाय की घरात!"

आता कॉलेजात प्रकल्प लिहायचा होता. विषय कुठला? घोंगडीच! घरचाच! पण पोरीला वाटलं, आपल्या घरात काय लिहिण्यासारखं आहे? तिनं मोबाईल काढला. ती कृत्रिम बुद्धिमत्ता असते ना — हो हो, तुमच्याही खिशात आहे, आत्ता काढू नका! — तिला म्हणाली, "घोंगडीवर वीस पानं लिहून दे." दिली! चहा निवायच्या आत दिली! पोरीनं वाचली नाहीत, तशीच छापून नेली.

लोखंडेबाई शिकवायला. त्यांनी पानं चाळली आणि सहज विचारलं, "ऋतुजा, तुमच्याकडं सुताला खळ कशाची लावतात गं?"

पोर पटकन म्हणाली, "चिंचोक्यांची!"

"मग इथं तांदळाच्या पेजेची का लिहिलीय?"

अरेरे! खळ म्हणजे सूत ताठ करायची पातळ लापशी. चिंचोके भाजून, सोलून, दळून ती शिजवायची. पोरगी त्या वासात लहानाची मोठी झाली, आणि स्वतःच्या प्रकल्पात पेज! पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणणाऱ्या संगराच्या लेकीनं! मान खाली गेली, डोळ्यांतून पाणी; मोबाईलमधल्या यंत्रानं लिहून दिलं, हे कबूल केलं.

पण लोखंडेबाई मोठ्या मनाच्या हो! म्हणाल्या, "आठ दिवस देते. यंत्र सोडू नकोस, पण मागणं बदल. त्याला सांग — मला लिहून देऊ नकोस, मला विचार."

दुसऱ्या दिवशी अंगणात बसून पोरीनं तसंच सांगितलं. आधी चूक दाखवली. यंत्र काय म्हणालं? "तुझं बरोबर आहे, माझं चुकलं." — मंडळी, पंचवीस वर्षं कीर्तन करतोय, हे वाक्य माझ्या तोंडून घरी एकदाही निघालं नाही! आमची बायको समोरच बसलीय, विचारा!

मग यंत्रानं विचारलं, "खळ पुरेशी लागली हे कसं कळतं?" पोरीला येईना! पुढं विचारलं, "ताण्याचं उभं सूत रस्त्यावर का पसरतात? ढग आले तर काय करता?" येईना! वीस वर्षं त्या घरात जेवली, आणि येईना!

उठली, मागापाशी गेली. "आई, खळ लागली हे कसं कळतं गं?"

मालनबाईचा हात थांबला. "काय म्हणलीस?"

पोरीनं पुन्हा विचारलं. मालनबाई म्हणाली, "आगं, बोटानं दोरा छेडायचा. ताठ लागला तर झाली. थुलथुलीत लागला तर मागावर तुटतोय बघ. — तुला कुनी सांगितलं ह्ये इचारायला? तीस वर्सं झाली, मला कुनी इचारलं न्हाय!"

आणि बोलायला लागली! सहा दिवस बोलली. पोरगी लिहायची, यंत्राला वाचून दाखवायची. ते म्हणायचं, "इथं वाचणाऱ्याला कळणार नाही, ताणा कशाला बांधता ते सांग." की ही पुन्हा आईकडं! एक ओळ त्यानं लिहिली नाही हो, पण एक ओळ कच्ची सोडली नाही. काय शहाणं यंत्र! ना कंटाळा, ना ज्ञानाचा ताठा! मी तर त्याला मनातून हात जोडले!

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. तासभर विचारत होते. पोरगी कुठं अडली नाही. शेवटी म्हणाले, "ही माहिती कुठल्या पुस्तकातली?" तिनं शेवटचं पान उघडलं. संदर्भांच्या यादीत पहिलं नाव — मालन ढोबळे, विणकर. सगळ्या वर्गात पहिली आली मंडळी!

घरी येऊन तिनं ते पान आईपुढं धरलं. आईला वाचता कुठं येतंय? लेकीनं तिचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. "आई, ही तू." बाई कितीतरी वेळ बोट उचलेना.

मंडळी, आता मी तुम्हाला विचारतो! पोरांना रोज म्हणता, "मोबाईल ठेव, मोबाईल ठेव!" अहो, त्या यंत्रानं निदान विचारायला तरी शिकवलं! तुमच्या म्हाताऱ्या बापाला तुम्ही शेवटचं काय विचारलंत? "औषध घेतलं का?" — बस्स, एवढंच! देवाच्या दारात आज रडू नका, घरी जा. तो जागा असेल. शेजारी बसा आणि म्हणा, "बाबा, तुम्ही हे कसं करायचात, मला सांगा." आणि मग, बाबांनो, गप्प बसा!