सकाळी सांगितलेला शेवट

आमच्या वाचनालयात दर शुक्रवारी नव्या सिनेमांच्या डीव्हीडी येतात. रांगेत माझ्यापुढे एक आजी-आजोबा दोन डीव्हीडी घेऊन उभे होते.

"अहो, हा विनोदी घेऊ या. दीड तासात संपतो."

"आणि तो दुसरा?"

"तीन तासांचा आहे. तुम्ही तर नटांची नावं संपायच्या आत घोरायला लागता."

"घोरत नाही गं. डोळे मिटून ऐकत असतो."

"ऐकता ना? मग रोज सकाळी चहा पिताना 'पुढे काय झालं?' कोण विचारतं?"

"तू रंगवून सांगतेस म्हणून विचारतो. मागच्या महिन्यातला तो खलाशी आठवतो? शेवटी घरी येतो, बायको दारातच उभी असते."

"हो, छान होता तो."

"परवा ताईकडे तोच लागला होता. मी चक्क जागा राहिलो."

"अगंबाई! पूर्ण पाहिलात?"

"पूर्ण. खलाशी बुडाला की गं."

"मी सांगितला तेव्हा तुमचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. सकाळी सकाळी कशाला बुडवायचा त्याला?"

"म्हणजे त्याआधीचेही सगळे शेवट तुझेच?"

"सगळे नाही काही. दोन-तीन खरे आहेत."

"मग हा तीन तासांचाच घे."

"अहो, युद्धाचा आहे. यात शेवटी कोणी उरणार नाही."

"म्हणूनच घे. सकाळी तू कुणाकुणाला वाचवतेस, ते ऐकायचंय मला."