पाच पौंडांची याद

…अहो पण मी म्हटलं होतं ना! लेखणी माझ्याच हातात होती, मंडळी, तुम्हाला सांगतो, लग्नाची याद मीच लिहीत होतो, म्हणजे देण्याघेण्याचा तो कुंकू लावलेला कागद, आणि मी स्वच्छ म्हटलं, "भावोजी, पन्नास रुपये लिहितो." पण ऐकतील ते आमचे गंगाधरराव कसले?

नव्वद सालची गोष्ट. त्यांच्या थोरलीचं, मृणालिनीचं लग्न ठरत होतं. जावई दौलतराव पुढं बॅरिस्टर व्हायला विलायतेला जाणार, बोटीचं भाडं आणि फी व्याह्यांची, तिथल्या खाण्याराहण्याचे दरमहा पन्नास रुपये आपले. व्याही बिचारे रुपयांवर खूश होते हो! पण अर्धं गिरगाव पानसुपारीला बसलेलं, आणि गंगाधररावांना आली ऐट. "विलायतेत रुपये कोण विचारतो? पौंड लिही, अण्णा! पाच पौंड! दहानं गुणलं की झालं." मी हळूच म्हटलं, भावोजी, आज पौंड तेराला आहे. तर म्हणे, "रुपया चढतोय रे! जावई बोटीत बसेपर्यंत दहावर येतो की नाही बघ." लिहिले पौंड. करतो काय?

ब्याण्णव साली दौलतराव बोटीत बसले, आणि पौंड किती? सोळा! पन्नासाचे झाले ऐंशी. गंगाधरराव सरकारी कचेरीत कारकून, पगार दीडशे, बरं का! दर महिन्याला हा माणूस कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या बँकेत हुंडणावळीचा, म्हणजे पौंडाचा भाव विचारायला जायचा तो ट्रामनं, आणि परत यायचा तो पायी, कारण भाव ऐकल्यावर ट्रामचा आणासुद्धा जड वाटायचा. आमची रमाताई, म्हणजे माझी बहीण, गंगाधररावांची बायको, म्हणायची, "रुपया पडला, पडला, म्हणजे झालंय काय त्याला?" तुम्हाला खोटं वाटेल, ती एक रुपया घेऊन सोनाराकडे गेली आणि तोलून आली! "तोळाभर भरला! गुंजेचा फरक नाही! बँकवाले तुम्हाला फसवतायत!" आता हिला काय सांगायचं? मला तरी कुठं कळत होतं? रुपया म्हणे चांदीचा, पौंड सोन्याचा; चांदी अमेरिकेत निघते आणि स्वस्त होते, आणि ठाकूरद्वारला यांच्या घरात तूप बंद होतं. आणि यादीत काय लिहिलेलं? पौंड!

न पाठवून सांगता कुणाला? विहीणबाईंनी बजावलेलं, "ज्या महिन्याला पौंड जाणार नाहीत, त्या महिन्याला सून माहेरी." पोर सणाला आली की आधी बापाचं तोंड बघायची. एकदा म्हणाली, "बाबा, मी येते ना परत. राहीन इथं." गंगाधरराव उठून गच्चीवर गेले. मी होतो तिथं. मला भडभडून आलं, खोटं कशाला बोलू! दुसऱ्या दिवशी रमाताईच्या पाटल्या गेल्या.

आणि त्र्याण्णव साली ऐका! सरकारनं काय ठरवलं, तर रुपया पडल्यानं इथल्या विलायती साहेबलोकांचं नुकसान होतं, सबब त्यांना पगारावर भरपाई. आणि ती भरपाईची बिलं लिहिणार कोण? आमचेच गंगाधरराव! साहेबाची मडम विलायतेत, साहेब तिला पैसे पाठवतो, त्याला भरपाई. गंगाधरराव म्हणाले, मग माझा जावई विलायतेत, मी पैसे पाठवतो, मला का नको? केला अर्ज. साहेबानं वाचला, चिरूट बाजूला ठेवला. "गंगाढर! टुम बंबई का आडमी हाय. टुमारा घर गिरगांव में हाय!" "पण साहेब, पैसा तर त्याच बोटीनं जातो…" "हम को बी बहुट टकलीफ हाय, गंगाढर. इस साल हम रजा में घर नहीं जा सकटा." आणि गंगाधररावांना, तुम्हाला सांगतो, साहेबाचीच दया आली! त्याचं बिल पुरं करूनच घरी आले.

दारात सोनूबाई कोळीण बसलेली. ती पापलेट काढायला लागली, तर हे म्हणाले, ती स्वस्तातली बारकी मांदेली दे. "काय वो रावसाहेब, जावय विलायतेला, आन् तुमी मांदेलीवर?" काय सांगणार तिला? यादीत पौंड लिहिलेत म्हणून?

पंचाण्णवच्या संक्रांतीला पौंड गेला अठरावर. पाचाचे नव्वद! आणि नेमकी त्याच महिन्यात धाकटीची, शांताची याद. हाही जावई विलायतेला जाणारा, यांची हौस कुठं फिटलीय? पण आता गंगाधरराव शहाणे झालेले. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "अण्णा, रुपये लिही. दरमहा नव्वद रुपये. पौंड उद्या वीस होवो, पंचवीस होवो, बसू दे बोंबलत!" सगळ्यांनी वाहवा केली. मीसुद्धा केली, कशाला नाकारू?

दौलतराव बॅरिस्टर होऊन आले, मृणालिनीचा संसार सुरू झाला, देव पावला. आणि अठ्ठ्याण्णव साली दुसरे जावई बोटीत बसले. गंगाधरराव कोटात गेले, भाव विचारला… पंधरा! रुपया चढला, मंडळी! आठ वर्षं ज्याच्याकडे डोळे लावले, तो आत्ता चढला! पाच पौंडाला पंचाहत्तर पुरले असते. आणि यादीत काय लिहिलेलं? नव्वद रुपये!

परवा या धाकट्या जावयाचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. "आपल्या कृपेनं नव्वद रुपयांचे दरमहा सहा पौंड होतात, पाचांत सर्व भागून एक पौंड शिल्लक राहतो. त्यात दर शुक्रवारी उत्तम मोठी मासळी खातो. आपणही आता वयपरत्वे सकस खात जावे."

गंगाधररावांनी पत्राची नीट घडी केली, पाटावर बसले, आणि म्हणाले, "वाढ गं. मांदेलीच ना?"