बोरीखालचं लुगडं

संघप्रिया : नाई बाबा, चहा ढवळत नका बसू. हो का नाई, एवढं सांगा. साहेबाले आत्ताच फोन करायचा आहे मले. करवतवाले उद्या सकाळी येऊन राह्यले.

दादाजी : सांगतलं ना एकदा, तोडू दे. बोर म्हनजे काई सागवान नोहे.

संघप्रिया : सारी नोकरी या गोल्फच्या मैदानावर माळी म्हणून काढली तुम्ही. झाड तोडा, हे तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकून राह्यली.

दादाजी : मंग? डुकरानं हिरवळ कशी नांगरून ठेवली, पाह्यली ना? डुक्कर काई तुमचं गवत खाले येत नाई, गवताखालची हुमनीची अळी खाले येते. आन त्या हुमनीचे भुंगेरे पोसते कोन? थेच बोर. साहेब खोटं नाई बोलून राह्यला.

संघप्रिया : खोटं नाई, अर्धं बोलून राह्यला. बोर गेली म्हणजे भुंगेरे काय गाव सोडून जातील? भोवती बाभळी आहेत, कडुनिंब आहेत. साऱ्यांवर पांगतील. आत्ता एका झाडावर येतात, म्हणून तर हलवून पाडता येतात. कॉलेजात हा धडा आला तेव्हा मले हसू आलं. म्हटलं, हे तर आमच्या घरचं.

दादाजी : मले समजते थे.

संघप्रिया : समजते, तरी तोडा म्हणता. काऊन?

दादाजी : आकडीच्या बांबूनं झाड हलवाले मानसं लागते बाई. कुठी आहेत आता? तवा गोंडपिपरीकडच्या बाया येत, पोंभुर्ण्याहून तुहा मामा ये. दिवेलागनीले भुंगेरे निघाले का सारे बोरीखाली. गप्पा काय, हासनं काय. आता मैदान तुह्याकडं आहे, पन तू येकटी काय करशीन? औषध मार न मोकळी हो.

संघप्रिया : औषध अगदीच नाईलाजानं. गोल्फच्या झेंड्यापाशी टिटवी बसली आहे अंड्यांवर.

दादाजी : अजून तिथंच घालते का अंडे?

संघप्रिया : तिथंच.

दादाजी : तुह्या आईनं एका साहेबाचा चेंडू बुडवला होता तिच्यापायी. मालूम आहे ना तुले?

संघप्रिया : मालूम आहे. सांगा तरी.

दादाजी : चेंडू गेला सरळ अंड्यात. टिटवी बसली त्याच्यावर, अंडंच समजून. साहेब आला काठी घेऊन. अंजना निंदन करून राह्यली होती, खुरपं टाकून त्याले आडवी आली. म्हने, साहेब, तुमी दुसरा खेळा, थे उठली का आनून देतो. मी इकडून पाह्यतो, म्हटलं, गेली रोजी. तं साहेब हासला न दुसरा चेंडू काढला. पिल्लं निघेपर्यंत उबवत बसली बापा थे टिटवी.

संघप्रिया : पण चेंडू साहेबाले भेटला नाई.

दादाजी : कायचा भेटते. तुले दिला ना खेळाले.

संघप्रिया : बाबा, रोज मैदानावर फेरा मारता, अन् बोर दिसली का वळता. वॉचमन सांगत होता.

दादाजी : त्याले काम नाई दुसरं.

संघप्रिया : आई गेली तेव्हापासून. खरं का नाई?

दादाजी : खरं आहे. काय करू मंग? दिवेलागन झाली का आवाज येते तिचा. आकडी वर घ्या, डोळ्यात काटा जाईन. रोज येवढंच म्हने. मी रोज म्हनो, समजते मले. आता कोनी म्हनत नाई तं बांबू उचलत नाई माह्यानं. झाड गेलं तं तिकडं पाहाचंच काम नाई.

संघप्रिया : तुमची सुटका होईल. माझी नाई होणार. नागपूरची नोकरी सोडून मी इथं आली, ते काय या साहेबाचं गवत राखाले? फोटोत तर आईचं तोंडही नीट नाई आलं. मले ती आठवते ते बोरीखालीच, लुगडं अंथरताना. हे पाहा, पेटीतून काढलं आज.

दादाजी : अगे, विहारातल्या बुद्धवंदनेचं पांढरं लुगडं. जुनं झालं तवा तिथं नेलं तिनं. मैदानाच्या कंपनीनं भुंगेरे झेलाले ताडपत्री देल्ली होती, तं म्हने, ताडपत्रीवरून भुंगेरा लगेच उडते, कपड्यात पाय अडकते त्याचे. भोकं पाह्य किती. सारे काट्याचे.

संघप्रिया : फोन करू? सांगते, झाड राहू द्या, भुंगेरे आम्ही उतरवतो. आम्ही म्हणू, का मी म्हणू?

दादाजी : भुंगेरे बुडवाले बादलीत साबनाचं पानी केलं का?

संघप्रिया : केव्हाचं.

दादाजी : मंग आमीच म्हन. आन लवकर आटप, उजेड चालला.

(दिवेलागण. बोरीखाली.)

दादाजी : तिकडून तान थोडं. हव, तसं. सरक आता, हलवतो.

संघप्रिया : बाबा.

दादाजी : काय?

संघप्रिया : आकडी वर घ्या. डोळ्यात काटा जाईन.

दादाजी : समजते मले.