एक प्रथिन कमी पडलंय

वहिनी, साळवे सरांच्या घरच्या मंडळींनो, प्राचार्य साहेब आणि पोरांनो,

सरांच्या शोकसभेत बोलायला उठले खरी, पण आधीच सांगते. शब्द फुटतील ते रागाचेच. धडा असा अर्ध्यात टाकून कुणी जातं का? सोमवारी छातीत दुखतंय म्हणून सर घरी निघाले. "आलोच," म्हणाले. आले का? प्रयोगशाळेत तो दोर अजून तसाच ताणून बांधलेला आहे.

बाहेरगावच्या मंडळींना दोर कसला ते सांगते. मी मराठी शिकवते, सर जीवशास्त्र. दोन वर्गांच्या मध्ये एकच भिंत. विषाणूचा धडा आला की सर जुन्या जालन्यातून दोनपदरी जाड दोर आणायचे. हा डीएनए. त्यावर मधोमध वहिनींच्या जुन्या पातळाची पिवळी चिंधी. ही ठरलेली जागा. पोरं म्हणजे विषाणूची प्रथिनं. चिंधी ओळखायची आणि बराबर तिथंच जमायचं. दोराभोवती अलीकडं सहा जणांचं कडं, पलीकडं सहा जणांचं. दोन्ही कडी पुरी झाली की मंग पीळ उलगडायचा. चिंधीपाशी दोर उघडला की नवी प्रत काढायला सुरुवात. पुढचं बहुतेक सामान विषाणू ज्या पेशीत घुसला तिचंच! सर म्हणायचे, "फुकट्या पाहुणा आहे हा. आपल्याच चुलीवर स्वतःचं रांधतो."

पण वर्गात बारा पोरं कधी हजर असायची? बिलकुल न्हाई. मी इकडं कवितेत रंगलेली, की दारात हाक: "बाई, जल्दी या, एक प्रथिन कमी पडलंय!"

वैताग नुसता! एकदा म्हटलं, "सर, अकरांत भागवा की. कुणाला कळतंय?" तर माझ्यावरच डाफरले. "कडं तुटकं राहिलं तर दोर उघडायचा न्हाई, बाई. बाकीच्यांनी कितीही जोर लावू द्या." म्हटलं, मला यातलं ओ की ठो कळत न्हाई. तर म्हणे, "जागा ओळखता येते ना? मंग या."

आज इथं ज्यानं त्यानं सांगितलं, कधीही भरून न येणारी पोकळी. अहो, येईल कशी भरून? भरायला उठलं का कुणी? परीक्षा तोंडावर आलीय. नवे सर कधी येतील, देव जाणे. आणि प्राचार्य साहेब, काल तुम्ही काय म्हणालात? "तो धडा ऑप्शनला टाका." ही अकरा पोरं तेव्हा माझ्या तोंडाकडं बघून राह्यली होती. ती दीपाली रोज टेंभुर्णीहून एसटीनं येते. धडे सोडून द्यायला येते का ती?

राग मानू नका, साहेब. मानायचा तर माना.

उद्या पहिल्या तासाला तो धडा मी घेणार. त्या कड्यात उभं राहून पाठ झालाय मला. अडेल तिथं अडलं म्हणेन. चिंधी सोडून परत देऊ का, म्हणून वहिनींना विचारलं. म्हणाल्या, "असू द्या तिथंच."

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ गप्प राहू. सरांना गप्प वर्ग बिलकुल खपायचा न्हाई, पण आज त्यांचा इलाज न्हाई. जय भीम, सर.

आणि साहेब, पोरं अकरा आहेत, शिकवायला मी आहे. उद्या जल्दी या. एक प्रथिन कमी पडलंय.